नव्याण्णव नंबरची फाईल

१

सोमवार, १३ फेब्रुवारी २०२३. दुपारी एक वाजून सात मिनिटांनी आंधळगावच्या शाळेतल्या बारा नंबरच्या लॅपटॉपमधून एक फाईल नाहीशी झाली. सव्वादोनच्या आत उरलेल्या अकरा लॅपटॉपमधूनही तीच फाईल गेली. बाकी काही गेलं नाही. खोलीचं कुलूप शाबूत होतं, आणि परकं माणूस आवारात आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

हे कळलं मंगळवारी सकाळी साडेनऊला, तासाभराच्या अंतरावर भंडाऱ्यात. लॅपटॉप ज्या संस्थेनं शाळांना दिले होते, तिच्या दोन खोल्यांच्या कचेरीत करुणा रोज सकाळी पहिलं काम करायची ते म्हणजे रात्रीचा आढावा वाचणं. जिल्ह्यातला प्रत्येक लॅपटॉप इंटरनेट मिळालं की आपली खुशाली कळवायचा. त्या दिवशी आंधळगावच्या नावापुढं बारा लाल ओळी होत्या, आणि बाराही ओळींत एकच मजकूर: बंद फोल्डरमधली ९९ नंबरची फाईल सापडत नाही.

ती फाईल करुणानं स्वतः लिहिली होती.

लॅपटॉपची व्यवस्था साधी होती. मुलांसाठी एक ‘विद्यार्थी’ खातं. त्यातून लिहिता-वाचता येई, पण यूएसबीच्या भोकात काही खुपसलं तर ते उघडत नसे. दोन वर्षांपूर्वी एका शाळेत कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून विषाणू शिरला आणि मुलांनी केलेलं वर्षाचं सगळं काम पुसलं गेलं, तेव्हापासून हा नियम होता. दुसरं खातं ॲडमिनचं. त्याला सगळं उघडं. त्याचा पासवर्ड शाळेत फक्त संगणक शिक्षकाकडं. गेल्या जूनमध्ये संस्थेनं आंधळगावसह काही शाळांना लॅपटॉपला जोडायचं एकेक सूक्ष्मदर्शक दिलं, आणि तेवढ्या एका उपकरणासाठी करुणानं अपवाद लिहिला; तीच ही ९९ नंबरची फाईल. चार ओळींचा: अमुक कंपनीचं, अमुक क्रमांकाचं सूक्ष्मदर्शक जोडलं, तर लॅपटॉपसमोर जो बसला असेल त्याला ते वापरू द्यावं. दुसरं काही नाही.

असे सगळे नियम ज्यात असतात ते बंद फोल्डर उघडून त्यात फेरफार करणं, हा करारातल्या नवव्या कलमाचा भंग होता. आणि आंधळगावच्या संगणक शिक्षकाचा करार त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होता.

संस्थेचे व्यवस्थापक धर्मेंद्र यांनी आढावा उभ्याउभ्याच वाचला. “कुंदनच्या नव्या करारावर मी आज सही करणार होतो,” ते म्हणाले. “पासवर्ड त्याच्याकडं. त्यानं केलं असेल तर कलम नऊ, आणि दुसऱ्या कोणाला पासवर्ड दिला असेल तरी कलम नऊ. पाचच्या आत रिपोर्ट पाठव. नाव पाहिजे मले, अंदाज नको.”

करुणानं हेल्मेट उचललं.

२

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. सव्वाअकराला ती शाळेत पोचली तेव्हा मुख्याध्यापक खेमराज सर व्हरांड्यातच उभे होते. त्यांच्या हातात एक लिफाफा होता.

“हे आधी पाहा,” ते म्हणाले. “पासवर्डची एक चिठ्ठी माझ्या कपाटात सीलबंद असते. तुम्ही विचारायच्या आत दाखवतो.”

लाखेवर करुणाचीच सही होती. लाख तडकली नव्हती, कडा उचललेल्या नव्हत्या. तिनं लिफाफा उजेडासमोर धरला, उलटा केला, आणि परत दिला.

“म्हणजे कुंदन,” खेमराज सर हळूच म्हणाले. “पोरगं चांगलं आहे, मॅडम. चार वर्षं झाली. पण नियम तो नियम. तुमचे लॅपटॉप परत गेले तं गाव मले जाब विचारन.”

कुंदन संगणकाच्या खोलीत होता. तिशीतला, तुमसरहून रोज मोटारसायकलनं येणारा. वडील राइस मिलमध्ये मुनीम. त्यानं बाराही लॅपटॉप टेबलावर रांगेनं मांडून ठेवले होते.

“सोमवारी दुपारी एक ते सव्वादोन, कुठं होतास?”

“इथंच. सुट्टीनंतरचा तास मले मोकळा असतो.”

“एकटा?”

कुंदननं एका लॅपटॉपची वायर सरळ केली. “लॅपटॉप होते बारा.”

“फाईल तू काढलीस?”

“मी काहीच काढलं नाही, मॅडम. तुम्ही मोजून घ्या.”

तो खोटं बोलतो असं तिला वाटलं नाही. पूर्ण बोलत नाही, एवढं नक्की वाटलं. तेवढ्यात दारातून विज्ञानाच्या अंजू मॅडम आत आल्या. गावातल्याच, घरी दोन हातमाग, आणि आवाज मागावरून पलीकडच्या खोलीत पोचेल असा.

“तुम्हीच का करुणा मॅडम? चेहरा आज नीट पाहिला. अक्षर ओळखीचं आहे.” त्यांनी पर्समधून एक कागद काढून उलगडला. “जुलैत अर्ज दिला, सप्टेंबरात दिला, डिसेंबरात दिला. सूक्ष्मदर्शक पोरांच्या खात्यात चालत नाही म्हणून. हे तुमचं ऑक्टोबरचं उत्तर. वाचू? ‘उपकरण तपासले. व्यवस्थित चालते. वापरणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे.’”

“मी स्वतः दोनदा येऊन तपासलं होतं,” करुणा म्हणाली. “जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. दोन्ही वेळा चित्र आलं.”

“तुमच्यासमोर येते बाप्पा. तुम्ही गेल्या की जाते. आम्ही म्हटलं, यंत्र माणूस पाहून वागत असन.”

“फाईल तुम्ही काढली का?”

“मी काल मोहाडीला प्रशिक्षणात होती. दिवसभर. हजेरीपटावर सही आहे. मले ते काढता आलं असतं तं जुलैतच काढलं असतं, डिसेंबराची वाट पाहिली नसती.”

करुणानं बारा नंबरचा लॅपटॉप पुढं ओढला, ॲडमिनच्या खात्यात शिरून बंद फोल्डर उघडलं. फाईलींची यादी नंबरवार खाली उतरत गेली. पन्नास, साठ, सत्तर, एकाहत्तर. त्याखाली बहात्तर.

बहात्तर नंबरची फाईल तिथं असायला नको होती.

तिनं ती उघडली. चार ओळी. तिच्याच. एक स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडं झालेला नव्हता.

काहीच चोरीला गेलं नव्हतं. फाईल फक्त रांगेत सत्तावीस घरं पुढं येऊन बसली होती.

३

करुणानं आपला पेनड्राइव्ह काढला आणि विद्यार्थ्यांच्या खात्यातून लावून पाहिला. उघडला नाही. दुसऱ्या भोकात लावला, तरी नाही. मोबाइल जोडला, नाही. मग तिनं सूक्ष्मदर्शक जोडलं, आणि पडदा उजळला. खाली ठेवलेल्या कागदाचे तंतू पडद्यावर गवताच्या गंजीसारखे पसरले.

ज्यानं कोणी हे केलं होतं, त्यानं बरोब्बर एका उपकरणापुरती फट ठेवली होती. केसभरही जास्त नाही. हे काम कुलूप फोडणाऱ्याचं नव्हतं.

तिनं यंत्राच्या नोंदी काढल्या. लॅपटॉपवर काय हुकूम दिले गेले आणि कधी, ते आत लिहिलेलं असतं. अकरा लॅपटॉपवर एकच हुकूम होता: ९९ चं नाव बदलून ७२ करा. पण बारा नंबरवर त्याआधी आणखी सहा हुकूम होते. तिनं ते वहीत उतरवून घेतले, आणि प्रत्येकापुढं त्यानंतर सूक्ष्मदर्शक विद्यार्थ्यांच्या खात्यात चाललं की नाही तेही लिहिलं. तीही नोंद होती.

एक वाजून सात मिनिटं: पन्नास. चाललं.
एक चौदा: पंच्याहत्तर. नाही.
एक एकवीस: बासष्ट. चाललं.
एक अठ्ठावीस: अडुसष्ट. चाललं.
एक पस्तीस: बहात्तर. चाललं.
एक बेचाळीस: चौऱ्याहत्तर. नाही.

आणि मग परत बहात्तर, कायमचं.

ती त्या आकड्यांकडं पाहत राहिली. खोलीत पंख्याचा आवाज होता. बाहेर कोणीतरी पाढे म्हणत होतं.

संगणक शिकलेल्या कोणालाही अडकलेली गोष्ट सुरू करायची असती, तर तो पन्नासावरच थांबला असता. पहिल्याच घावात काम झालं होतं. पण हा माणूस थांबला नव्हता. पन्नासावर चालतं, नव्याण्णववर चालत नाही, म्हणून त्यानं मधला आकडा घेतला. तिथं नाही, तर मागचा मधला. प्रत्येक वेळी उरलेल्याचं अर्धं. सहा पावलांत तो शंभर घरांमधल्या त्या एका घराशी येऊन पोचला होता, जिथं काहीतरी बंद होत होतं. त्र्याहत्तर.

करुणानं त्र्याहत्तर नंबरची फाईल उघडली. ती यंत्राची स्वतःची होती, कोणी लिहिलेली नव्हे. गेली सहा वर्षं ती हे काम करत होती आणि ती फाईल तिनं एकदाही वाचली नव्हती. आता वाचली. समोर बसलेल्या माणसाला कोणतं उपकरण वापरू द्यायचं, याची वाटणी तिथं होत होती. त्याआधी ज्याचं नाव लागलं, त्याला मिळालं. त्यानंतर येणाऱ्याला काही नाही.

आणि तिची फाईल नव्याण्णववर होती.

 तिनं बहात्तरची फाईल परत नव्याण्णववर नेली, लॅपटॉप बंद करून सुरू केला, आणि फाईल तिथं असताना पहिल्यांदाच विद्यार्थ्यांच्या खात्यातून सूक्ष्मदर्शक जोडून पाहिलं.

पडदा काळा. खाली एक ओळ: उपकरण वापरण्याची परवानगी नाही.

जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्येही तिनं ते ॲडमिनच्या खात्यातून तपासलं होतं. ॲडमिनला तसंही सगळं उघडतं. किल्ली खिशात असलेल्या माणसानं दार उघडं आहे का ते पाहावं, तसं.

आठ महिने. तिनं वहीत एक ओळ लिहिली, आणि फाईल पुन्हा बहात्तरवर आणून ठेवली.

४

पण प्रश्न राहिलाच होता. पासवर्ड कुंदनचा. हुकूम त्याच्या हातचे. डोकंही त्याचंच का? सहाही हुकूम सात-सात मिनिटांच्या अंतरानं दिलेले होते. लॅपटॉप बंद करून सुरू व्हायला, खातं बदलून सूक्ष्मदर्शक जोडायला मिळून तीन मिनिटं लागतात. तिनं आत्ताच घड्याळ लावून पाहिलं होतं. उरलेली चार मिनिटं कुंदन काय करत होता? एकटा माणूस इतक्या सारख्या अंतरानं विचार करत नाही. दुसऱ्याशी बोलायला मात्र तेवढा वेळ लागतो.

विद्यार्थ्यांच्या खात्यात तिला एक फोटोंचं फोल्डर सापडलं. सोमवारचे चार फोटो. चार वेळा चाललं, चार वेळा कोणीतरी काहीतरी खाली धरलं होतं.

पहिला फोटो उघडला आणि तिनं खुर्ची मागं सरकवली.

उंचावरून पाहिलेला मुलूख असावा असं काहीतरी होतं. वळणं घेत एकमेकीला लागून गेलेल्या, शेताच्या बांधांसारख्या धुऱ्या, त्यांच्यामधून खोलगट वाटा, कुठं ओलसर चमक, कुठं भेगा. आणि या सगळ्यातून तिरपी गेलेली एक पांढरी पट्टी, जिच्या अलीकडच्या धुऱ्या पलीकडच्यांना जुळत नव्हत्या, जणू जमीन एकदा दुभंगून सरकून परत मिटली होती. तिला समजायला वेळ लागला. ते माणसाचं बोट होतं.

दुसऱ्या फोटोत रेशमाच्या कोशाचा धागा होता, काचेच्या पट्टीसारखा चपटा, आत उभ्या रेघा. तिसऱ्यात धानाचा दाणा. टरफलावर ओळीनं बसवल्यासारखे उंचवटे, इतके नेटके की कोणी मोजून ठोकले असावेत. चौथ्यात पाण्याचा थेंब, आणि त्यात एक पारदर्शक जीव, ज्याच्या पोटातलं हिरवं खाणं बाहेरून दिसत होतं.

ज्याला कोणाला पहिल्यांदा हे यंत्र मिळतं, तो आधी स्वतःचं बोट खाली धरतो. करुणानंही जूनमध्ये तेच केलं होतं.

तिनं मोठ्या सुट्टीत सगळ्यांना बोलावलं. कारण एकच सांगितलं: तपासणी आहे, सूक्ष्मदर्शक चालतं का पाहायचं आहे.

खेमराज सरांचं बोट गुळगुळीत निघालं, खडूची पांढरी धूळ वळणांत भरलेली. “पस्तीस वर्षांची नोकरी दिसते,” ते म्हणाले, आणि बोट काढायचं विसरले. अंजू मॅडमच्या बोटाच्या कडेला धाग्यानं पडलेला बारीक चर होता. स्वयंपाकीण शकुनबाई आधी पदरानं हात पुसत राहिल्या.

“भाजलेलं बोट आहे, बाई. काय पाहाचं त्यात?”

“ठेवा तर.”

पडद्यावर जुन्या चटक्याचा गोल डाग आला, गुळगुळीत, तळ्यासारखा. शकुनबाई पडद्याकडं वाकल्या. मग म्हणाल्या, “हे माझ्या हातावर होतं इतके दिवस?”

“शकुनबाई, काल दुपारी जेवायला कोण कोण आलं नव्हतं?”

“कुंदन सर नाई आले. अन् जागेश्वरभाऊ नाई आले. दोघायचा भात झाकून ठेवला होता मी, शेवटी थंडगार खाल्ला त्यायनं.”

कुंदन खिडकीशी उभा होता. त्यानं न बोलावता पुढं येऊन बोट ठेवलं. गुळगुळीत. पट्टी नाही.

दाराशी शाळेचे शिपाई जागेश्वर चहाचे कप घेऊन उभे होते. सत्तावन्न वर्षांचे, उंच, डोक्याला टापर बांधलेली. ही खोली रोज सकाळी तेच उघडायचे आणि संध्याकाळी तेच बंद करायचे. त्यांनी कप टेबलावर ठेवले आणि आत न येता परत वळले.

“जागेश्वरभाऊ,” करुणा म्हणाली. “तुमचं राहिलं.”

“माझं बोट पाहून काय करता जी? रोवणीतलं बोट आहे.”

“एकदा ठेवा.”

ते आले. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी प्रकाशाखाली ठेवली, अशी अलगद की जणू काही मोडेल. पडद्यावर धुऱ्या उमटल्या, आणि त्यांतून तिरपी जाणारी पांढरी पट्टी.

“विळा लागला होता,” जागेश्वर म्हणाले. “लहानपणी.”

५

बाकीचे गेल्यावर कुंदननं दार लोटून घेतलं. खोलीत तिघंच उरले.

“नाव माझं लिहा,” तो म्हणाला. “पासवर्ड माझा, हात माझा. यांना कीबोर्ड कोणत्या बाजूनं धरतात तेही माहीत नाही.”

“ते मला माहीत आहे. पण आकडे कोणी सांगितले?”

 जागेश्वर बाकावर बसले, आणि टापर काढून गुडघ्यावर ठेवली.

“म्या सांगतले,” ते म्हणाले. “सर महिनाभर त्या फाईलीले पाहून राहिले होते. एकदा चहा देताना मले म्हणे, भाऊ, हे यंत्र सकाळी उठलं का ही यादी वरून खाली वाचते, एकामागं एक. मॅडमची चिठ्ठी सगळ्यात खाली आहे, अन् ते तिच्यापर्यंत पोचूनही काही होत नाही. म्या म्हटलं, पोचते पण पाट मधातच बंद झाला असन.”

“पाट?”

“शाळेत लागाच्या आधी म्या बारा वर्षं पाणकर होतो जी. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यायले वाटून द्याचं. शेवटच्या बांधीवाला येते, म्हणते, पाणी नाई आलं. आता दोन कोस पाट कोण चालत जाईन? मधात जाऊन उभं राहाचं. पाणी आहे? मंग भानगड पुढं. नाई? मंग मागं. मंग त्याच्या मधात. सहा-सात ठिकाणी पाहिलं का ती जागा सापडतेच.”

करुणानं वही उघडली नाही. तिला लिहून घ्यायची गरज नव्हती.

“पण पन्नासावरच चालू झालं होतं, भाऊ. पहिल्याच वेळी. तिथंच का नाही थांबलात?”

जागेश्वर तिच्याकडं असे पाहत राहिले, जणू तिनं फार विचित्र काही विचारलं होतं.

“तसं कसं थांबाचं? शेवटच्यानं उठून पन्नासाव्या जागी बसाचं, तं मधातल्यायचं काय? त्यायच्या पाळ्या मोडतात. मले माहीत नाई त्या यादीत कोण कोण आहे. कोणाचं तरी पाणी असन ते. आपल्याले पाणी पाहिजे, दुसऱ्याच्या पुढं जाणं नाई पाहिजे. जिथं पाट बंद होते तिथून एक पाऊल अलीकडं. तेवढंच सरकाचं. जास्त नाई.”

साठ ते एकाहत्तरच्या मधल्या फाईली कशाच्या आहेत, ते करुणाला माहीत होतं. पेनड्राइव्हला कुलूप घालणाऱ्या त्याच होत्या. त्यांची पाळी न मोडता, त्यांच्या मागं आणि त्र्याहत्तरच्या बरोबर पुढं, जी एकच जागा योग्य होती, ती या माणसानं न वाचता शोधली होती. ती जागा तिला पुस्तकातही सापडली असती. तिनं पुस्तक उघडलं नव्हतं.

“तुम्हाला ते काय वाटलं?” तिनं विचारलं. “पहिल्यांदा बोट दिसलं तेव्हा.”

“काय वाटन.” जागेश्वरांनी बोटाकडं पाहिलं. “आठ महिने तो डबा कपाटातून काढाचो, पोरायसमोर ठेवाचो, परत कपाटात. पोरं मले विचारत, भाऊ, आज चालन का? म्या तं फक्त डबा उचलाचो. काल ते दिसलं तं म्या सरायले म्हटलं, जरा थांबा, बोलू नका.”

चार मिनिटं. करुणाला हिशोब लागला. त्या सात-सात मिनिटांतली काही मिनिटं बोलण्यात गेली होती, आणि काही न बोलण्यात.

“मला आधी का नाही सांगितलंस?” ती कुंदनला म्हणाली.

“काय सांगायचं होतं? संस्थेच्या मॅडमची फाईल चुकीच्या जागी आहे?” कुंदन पहिल्यांदा हसला, पण हसू टिकलं नाही. “अंजू मॅडमनं तीन अर्ज दिले. उत्तर आलं, प्रशिक्षण घ्या. अकरा महिन्यांच्या करारावर आहो मी, मॅडम. आमचा चौथा अर्ज कोणी वाचला असता?”

“मी वाचला असता.”

“ऑक्टोबरातही तुम्हीच वाचला होता.”

करुणानं पेन हातात घेतलं.

“एकच सांगा,” कुंदन म्हणाला. “रिपोर्टात नावं टाकणार?”

“टाकणार. जे झालं ते सगळं.”

“भाऊंचंही?”

“त्यांनी काय शोधलं ते त्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही.” तिनं पेनाचं टोपण काढलं. “पण सगळ्यात वर माझं राहील.”

६

रिपोर्ट तिनं त्याच खोलीत, त्याच बारा नंबरच्या लॅपटॉपवर लिहिला. दोन पानं. फाईल गेली नव्हती, हलवली होती. कुंदनच्या पासवर्डनं, जागेश्वर यांच्या सांगण्यावरून, कलम नऊ मोडून. हलवण्याआधी आठ महिने ती निकामी होती. तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा चुकीच्या खात्यातून. सध्याची जागा बरोबर आहे आणि तिच्यामुळं दुसरं कोणतंही उपकरण उघडत नाही. पेनड्राइव्ह आणि मोबाइल लावून खात्री केली. जिल्ह्यातल्या इतर शाळांतही हीच दुरुस्ती करावी. ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं. सहा हुकूम आणि त्यांच्या वेळा शेवटी जोडल्या. चार वाजून बावन्न मिनिटांनी पाठवला.

पाचला तीन मिनिटं असताना धर्मेंद्र यांचा फोन आला.

“मी नाव मागितलं होतं. तू तीन दिलीस, त्यातलं एक तुझंच.”

“तेवढीच आहेत.”

“कलम नऊ मोडलं की नाही?”

“मोडलं.”

“मग?”

“ते मोडलं नसतं तर पुढच्या जूनपर्यंत ते सूक्ष्मदर्शक डब्यात राहिलं असतं, आणि मी लिहीत राहिले असते की व्यवस्थित चालतं.”

पलीकडं पान उलटल्याचा आवाज आला. “ते सहा आकडे,” धर्मेंद्र म्हणाले, “खरंच त्या शिपायानं सांगितले?”

“हो.”

“यादी न पाहता?”

“पाहून काय करणार होते? त्यांना इंग्रजी येत नाही.”

“सही मी आज करत नाही,” ते म्हणाले. “नाहीही म्हणत नाही. माझ्या एकट्याच्या हातात नाही आता हे. वर पाठवतो.”

फोन बंद झाला.  कुंदननं लॅपटॉप एकेक करून कपाटात ठेवले, एक ते बारा.

बुधवारी, १५ फेब्रुवारीला, कुंदन नेहमीच्या वेळी शाळेत आला. करार संपलेला असल्यामुळं हजेरीपटावर त्याच्या नावाची ओळ नव्हती. खेमराज सरांनी त्याला तिसरा तास घ्यायला सांगितलं आणि हजेरीपट मिटून ठेवला. साडेदहाला आंबागडच्या शाळेतून करुणाला फोन आला: आमचंही सूक्ष्मदर्शक चालत नाही, आंधळगावात फाईल कोणत्या नंबरवर ठेवली? परवानगी यायची आहे, असं तिनं सांगितलं. अकराला भंडाऱ्याहून शाळेत निरोप आला की कुंदनच्या सहीसाठी शाळेत आलेल्या नव्या कराराच्या दोन्ही प्रती ताबडतोब कचेरीत पाठवाव्या. सही करायला की रद्द करायला, हे निरोपात नव्हतं. साडेअकराच्या बसनं जागेश्वर त्या प्रती घेऊन निघाले.